पालखीचा जलमार्ग

कुंभकोणम्, १४ ऑक्टोबर २०२४

चि. विजयराघवास गोमतीअक्काचे अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला तर तुझे भावजी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकत बसतात, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर सून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. या घरात गुप्त म्हणून आता टपालच उरलं आहे, कारण ते कोणी वापरत नाही.

गेल्या खेपेच्या रुक्मिणीकल्याणाला, देवाच्या लग्नात, काय झालं ते तुजला अर्धंच कळलं असेल. आपल्या लक्ष्मीचा नवरा कृष्णकुमार भजनात कीबोर्ड घेऊन आला, तुझे भावजी म्हणाले पेटी पुरे, तेव्हापासून आपल्या मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्या. आपली पालखी गल्लीच्या उत्तर टोकाच्या मठातून निघते आणि दक्षिण टोकाच्या तळ्याला जाते. त्यांची कृष्णकुमारच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून निघते, म्हणजे दक्षिणेकडून, आणि मठापुढे आरती करून परत जाते. गल्ली एकच, दिवस एकच, विठोबाही एकच असावा अशी माझी समजूत होती.

अनंतकृष्णच्या कॉफी-टिफिनच्या कापी क्लबापुढे दोन्ही पालख्या समोरासमोर आल्या. गल्ली अरुंद नव्हे, बाजूला सरलं तर दोन्ही जातील. पण देव मधूनच जाणार, बाजूला सरला तो हरला! तेव्हा दोन विठोबा एकमेकांकडे पाहत उभे, मागे दोन मंडळ्या दोन वेगळे अभंग दोन वेगळ्या पट्टीत म्हणतात, त्यामागे तीन बस आणि एक बाळंतपणाची रिक्षा. प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल आंबलं. रिक्षातली बाई अखेर कापी क्लबाच्या स्वयंपाकघरातून मागल्या दाराने दवाखान्यात गेली.

नवीन इन्स्पेक्टरबाई आल्या आहेत, श्रीदेवी म्हणून. त्यांनी दोन्हीकडच्यांना बोलावून सांगितलं, या खेपेस गल्ली तुंबली तर दोघांचीही परवानगी कायमची रद्द. काय ते कल्याण हॉलमध्ये करा, एसी लावून.

विजया, हसू नकोस. वर्षभर आम्ही दाराबाहेर पडलो की तमिळ बोलतो. या गावाच्या रस्त्यावर आपली भाषा त्या एका संध्याकाळी ऐकू येते. ती हॉलमध्ये गेली की गेली.

तू एवढी जहाजं रोज इकडून तिकडे करतोस. दोन पालख्यांचं काय ते सांग.

गोमतीअक्का

ता. क. लक्ष्मीला यातलं काही कळवू नकोस. सख्ख्या बहिणी असून आम्ही बोलत नाही. गोविंदपुरमच्या बसमध्येसुद्धा ती पुढच्या दाराने चढते, मी मागच्या.

---

बंदर वसाहत, २९ ऑक्टोबर २०२४

ति. अक्कास सा. न.

तुझं पत्र टॉवरमध्ये वाचलं. शेजारी रत्नागिरीचा सहकारी बसतो, त्याने विचारलं काय झालं. मी म्हटलं, "मजला अक्काने कामगिरी सांगितली आहे." तो खुर्चीतून पडायचा राहिला. आपण घरी बोलतो ते तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी इथे ऐकवलं की लोकांना वाटतं मी घोड्यावरून आलो, आणि कमरेला खलिता आहे.

आधी एक गैरसमज काढतो. मी जहाजं इकडून तिकडे करत नाही. मी पडद्यावर ठिपके पाहतो आणि रेडिओवर सांगतो की अमुक जहाज तुझ्या पुढे आहे, तमुक वळतं आहे. माहिती देतो, सल्ला देतो, कोणी फारच वेडेपणा केला तर ताकीद. सुकाणू कॅप्टनच्या हाती. कॅप्टनही बहुधा तुझ्या यजमानांसारखे असतात; सल्ला ऐकतात, आणि तो आपल्यालाच सुचला असं दाखवून पाळतात.

समुद्र मोकळा दिसतो, पण गर्दीच्या जागी त्यावर रस्ते आखलेले असतात. पाण्यावर नव्हे, नकाशावर, जांभळ्या रेघांनी. जाणाऱ्यांची एक पट्टी, येणाऱ्यांची एक, आणि दोहोंच्या मध्ये एक रिकामा पट्टा. त्या मधल्या पट्ट्यात कोणी शिरायचं नाही. ही रेघ कुठून न्यायची ते ठरवायला सगळे देश लंडनला बसून वाद घालतात, तेव्हा तुमच्या दोन मंडळ्यांनी लाजू नये.

यातली मेख मधला पट्टा आहे. मध्य कोणाचाच नाही म्हटलं की बाजूला सरण्यात हार उरत नाही. बाजू हीच वाट होते.

प्रत्येकाने आपापल्या उजव्या हाताने जायचं. रस्त्यावर आपण डावीकडून जातो, समुद्रात उजवीकडून. इंग्रजांच्या हातून तेवढं एक राहून गेलं. आणि पट्टी ओलांडायचीच झाली तर तिरकं रेंगाळत नाही, सरळ काटकोनात, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच कळतं की हा ओलांडतो आहे.

गल्लीचा नकाशा काढून पाठवतो.

विजयराघव

---

कुंभकोणम्, १२ नोव्हेंबर २०२४

चि. विजयास आशीर्वाद.

मधला पट्टा पटला. चुन्याची रेघ मारली तर नादस्वरवाल्यांच्या पायांनी दहा पावलांत पुसेल. दोरी बांधली तर गाई सोडवतील. मी म्हणते कोलम घालावं, तांदळाच्या पिठाची रांगोळी, गल्लीभर लांब. या गावात माणूस पोलिसाच्या अंगावर पाय देईल, कोलमवर देणार नाही.

आता खरं विचारते. अशी कुठली बोट असते का, जिला कोणालाच वाट द्यावी लागत नाही? बाकीच्यांनीच तिला द्यायची? सहज विचारते. ज्ञान वाढावं म्हणून.

अक्का

---

बंदर वसाहत, २६ नोव्हेंबर २०२४

ति. अक्कास सा. न.

ज्ञान वाढवण्याची तुझी हौस मला लहानपणापासून ठाऊक आहे. तू मला पोहायला शिकवलंस तेही ज्ञानासाठीच, कावेरीत माझी चड्डी काठावर ठेवून.

असतात अशा बोटी. यंत्रावर चालणारी शिडाच्या बोटीला वाट देते, शिडाची मासेमारीच्या जाळेवालीला, आणि सगळ्या मिळून तिला, जिचं सुकाणू ऐकेनासं झालं आहे. ती रात्री डोलकाठीवर दोन लाल दिवे लावते, एकाखाली एक. अर्थ असा की, "माझा माझ्यावर ताबा नाही, तुम्हीच सांभाळा." तीन लाल दिवेही असतात. पण तीन म्हणजे दोनापेक्षा मोठं असं नव्हे. तीन दिव्यांचा अर्थ, "माझं पोट पाण्यात फार खोल गेलं आहे, मला वळायला जागा नाही."

तू जे विचारलं नाहीस तेही सांगतो. आमच्या नियमांत हक्क हा शब्दच नाही. एकाने वाट द्यायची हे कर्तव्य, आणि दुसऱ्याने आपली दिशा न बदलता सरळ जायचं हेही कर्तव्यच. समोरचा वाट देत नाही असं दिसलं तर ज्याला वाट मिळायची त्यानेही हलायचं. दोघंही नियमाने बरोबर आणि दोघंही तळाशी, याला आमच्यात कोणी विजय म्हणत नाही.

दिव्यांचा विचार मनातून काढ.

विजयराघव

---

कुंभकोणम्, ६ डिसेंबर २०२४

चि. विजयअण्णास श्रीलक्ष्मीचा नमस्कार.

टपालाने लिहिते, कारण घरी फोनवर बोललं की ड्रायव्हिंग स्कूलची पोरं ऐकतात आणि संध्याकाळपर्यंत अनंतकृष्णच्या कापी क्लबात पोचतं.

पालखीचं तू ऐकलंच असशील. आमच्या ह्यांना रात्रभर झोप नाही. म्हणतात, "परवानगी गेली तर मी कीबोर्ड घेऊन जाऊ कुठे?" मी म्हटलं, तो प्रश्न गावालाही आहे.

तू समुद्रातलं पोलिसाचं काम करतोस ना? मग एवढं सांग, कुठल्या बोटीला वाट द्यावी लागत नाही? नुसती माहिती म्हणून.

अक्काला कळू देऊ नकोस. ती बसमध्ये मागच्या दाराने चढते आणि मी वळून पाहते की नाही ते पाहत असते. मी वळत नाही. ड्रायव्हरच्या आरशात पाहते. या महिन्यात ती वाळली आहे.

श्रीलक्ष्मी

---

बंदर वसाहत, १८ डिसेंबर २०२४

चि. लक्ष्मीस आशीर्वाद.

वाट न देणाऱ्या बोटींची यादी सोबत आहे. दोन दिवे, तीन दिवे, सगळं. दिव्यांचा विचार मनातून काढ, हेही त्यातच लिहिलं आहे. गल्लीचा नकाशा जोडला आहे. आपापल्या उजव्या हाताने चालायचं, आणि ओलांडायचंच झालं तर तिरकं नव्हे, काटकोनात, एवढं कृष्णकुमारच्या डोक्यात घाल.

हेच मी दुसऱ्या कोणाला लिहिलं आहे का, ते विचारू नकोस. टॉवर एका जहाजाचं बोलणं दुसऱ्याला सांगत नाही. मात्र माहिती दोघांना तीच देतो.

विजयराघव

---

कुंभकोणम्, १० जानेवारी २०२५

चि. विजयास आशीर्वाद.

काल इन्स्पेक्टरबाईंपुढे दोन्हीकडची माणसं बसली. मी तुझा नकाशा पुढे केला. कृष्णकुमारनेही पिशवीतून एक नकाशा काढला. तुझ्याच हातचा! कापी क्लबापुढचा खड्डासुद्धा त्याच जागी.

इन्स्पेक्टरबाईंनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. म्हणाल्या, "भांडता म्हणून ऐकलं होतं. हे तर आधीच एक झालेलं दिसतं." मी आणि लक्ष्मी, दोघीही खिडकीबाहेर पाहू लागलो.

मग त्यांनी विचारलं, "मधल्या पट्ट्याचं कोलम कोण घालणार?" दोघींनीही "मी" म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अर्धं तुम्ही तुमच्या टोकाकडून, अर्धं त्यांनी त्यांच्या. संध्याकाळी मी स्वतः कापी क्लबापाशी उभी राहीन. शिट्टी वाजवावी लागली, तर ती शेवटची."

भोई दोन्हीकडचे पट्टीश्वरमचेच ठरले आहेत, एकाच घरचे चुलतभाऊ. त्यांना आपल्या भांडणाने वर्षातून एकदा चांगलं जेवण मिळतं.

तू दोन डगरींवर पाय ठेवून उभा आहेस हे कळलं. तुझी चड्डी मी तेव्हा परत दिली ती चूक झाली.

दोन लाल दिवे आणवले आहेत. तू काढ म्हटल्यामुळे विचार मनातून काढून पालखीच्या दांडीला लावणार आहे.

अक्का

---

कुंभकोणम्, १० फेब्रुवारी २०२५

चि. विजयास आशीर्वाद.

कल्याण झालं. परवानगी राहिली. वाट लक्ष्मीने दिली.

एवढ्यावर पत्र संपवणार होते, पण तू रत्नागिरीवाल्याला वाचून दाखवशील म्हणून सविस्तर लिहिते.

पहाटे मी आपल्या टोकाकडून कोलम घालत निघाले, ती तिकडून. कापी क्लबापाशी पोचलो. मी माझं शेवटचं टिंब ठेवलं, तिने तिचं. आता जोडायचं कोणी? जिने पुढे हात केला ती खाली वाकली असा अर्थ झाला असता. मी पीठ झाडलं आणि उठले. तीही उठली. मध्ये पालखीच्या रुंदीएवढी जागा तशीच राहिली. अनंतकृष्ण दारातून म्हणाला, "अम्मा, दात पडल्यासारखं दिसतं." त्याची कापी मी तशीच ठेवून आले.

संध्याकाळी आपली पालखी निघाली. तुझ्या नकाशाप्रमाणे कोलमच्या उजवीकडून. दोन लाल दिवे पेटलेले. तुझे भावजी एवढे ताठ की दृष्ट काढावी. समोरून ते आले, त्यांच्यावर तीन लाल दिवे! दोनाहून तीन मोठे अशा हिशोबाने. तुझी यादी कृष्णकुमारने ओझरतीच वाचली असणार. त्याच्या पोटाबद्दल मी काही बोलणार नाही, दिवेच बोलत होते.

आणि मग पाहते तर ते आमच्याच अंगावर येत आहेत. कोलमच्या त्याच बाजूने! कृष्णकुमार पुढे हात हलवत ओरडतो आहे, "लेफ्ट! लेफ्ट ठेवा!" अरे, जन्मभर गावाला डावीकडून गाडी चालवायला शिकवली आहे त्याने. नकाशा पिशवीत राहिला आणि पाय सवयीने गेले.

तुझे भावजी म्हणाले, "नकाशा पाहा! उजवीकडून!" तो म्हणाला, "हा रस्ता आहे, समुद्र नव्हे!" "मग नकाशा कशाला आणलास?" "तुम्ही आणलात म्हणून!"

पुन्हा दोन विठोबा समोरासमोर, तेही अर्ध्या गल्लीत कोंबलेले. उरलेली अर्धी गल्ली रिकामी, आणि तिकडे जायला कोणी तयार नाही, कारण मध्ये कोलम. इन्स्पेक्टरबाईंनी शिट्टी ओठाला लावली. मजला वाटलं, संपलं, आता कल्याण हॉल आणि प्लास्टिकच्या खुर्च्या.

तेव्हा लक्ष्मीने आपली पालखी वळवली. आमची जागची हलली नाही. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

अक्का

---

कुंभकोणम्, १० फेब्रुवारी २०२५

चि. विजयअण्णास नमस्कार.

अक्काचं पत्र याच टपालाने निघालं असणार. टपालपेटीपाशी ती मला पाहून पिंपळामागे झाली. तिने काय लिहिलं ते मी सांगू शकते. "वाट लक्ष्मीने दिली." होय की नाही?

आता तिने काय लिहिलं नाही ते वाच.

इन्स्पेक्टरबाईंनी शिट्टी तोंडात धरली, तेव्हा बाप्ये सगळे नियम सांगत होते. अक्का पुढे आली. कापी क्लबातलं स्टूल ओढलं, त्यावर चढली. तिचा गुडघा दुखतो, अण्णा, तिला कोणाचा हात धरल्याशिवाय चढता येत नाही. तरी चढली. आणि पालखीच्या दांडीवरचे दोन्ही लाल दिवे सोडून काढले. भावजी म्हणाले, "अहो, काय करता!" तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. कोलमवरून सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली,

"लक्ष्मी, आमचा आमच्यावर ताबा आहे. तुमचं सांग."

कीबोर्ड आला तेव्हापासून ती माझ्याशी हे पहिलं वाक्य बोलली. तेही टोमणा. मजला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

मग मी आमचे तीन उतरवायला सांगितले. हे म्हणाले, "बाजूला जायला वाट कुठे आहे? कोलम तुडवायचं?" मी म्हटलं, "दात पडला आहे ना, तिथून." तुझं वाक्य आठवलं, भोयांना ओरडले, "तिरकं नाही, काटकोनात!" ते पट्टीश्वरमचे, त्यांना काटकोन कसला कळतो, पण अक्काच्या पालखीखालचा त्यांचा चुलतभाऊ हसून म्हणाला, "अरे, आडवा जा, आडवा!" आणि गेले. पिठाचा एक कण हलला नाही. आमची पालखी आमच्या उजवीकडे आली, त्यांची त्यांच्या उजवीकडे होतीच. निघालो.

तर दिवे आधी तिने काढले. पालखी मी नंतर वळवली. वाट कोणी दिली ते तूच ठरव.

आणखी एक. पालखीत रुक्मिणी विठोबाच्या डाव्या हाताला असते, म्हणून आम्ही बायका डावीकडून चालतो, बाप्ये उजवीकडून. दोघंही उजव्या हाताने गेलो तेव्हा डावी बाजू डावीजवळून गेली. बाप्ये तिकडे भिंतींच्या कडेला, आणि मध्ये कोलमच्या दोन काठांना दोन रुक्मिण्या, आणि आम्ही दोघी. हातभर अंतरावर. डावीकडून गेलो असतो तर भावजी आणि हे एकमेकांना घासून गेले असते, आणि आज तू आम्हाला दवाखान्यात पत्र पाठवलं असतंस.

हे तुला आधीपासून ठाऊक होतं का रे?

श्रीलक्ष्मी

---

बंदर वसाहत, २० फेब्रुवारी २०२५

ति. अक्का आणि चि. लक्ष्मी,

पाकीट एकच पाठवतो. पत्ता लक्ष्मीचा, आणि वर 'गोमतीअक्काच्या देखत उघडावे' असं लिहिलं आहे. टपालवाला वाचेलच, म्हणजे कापी क्लबालाही कळेल आणि टाळता येणार नाही.

एकाच घटनेचे दोन जबाब माझ्याकडे आले आहेत. आमच्याकडे असं झालं की दोन्ही कॅप्टनांना एका टेबलाशी बसवून एकच जबाब लिहून घेतात. तो पाठवा. दोघींच्या सहीने.

लक्ष्मीच्या प्रश्नाला उत्तर: उजव्या हाताने जाणं हा समुद्राचा नियम आहे. मी फक्त नियम सांगितला. टॉवर माहिती देतो.

विजयराघव

---

कुंभकोणम्, २१ मार्च २०२५

चि. विजयास दोघींचे आशीर्वाद. (माझा नमस्कार. ल.)

जबाब पुढीलप्रमाणे. दिवे मी काढले. पालखी तिने वळवली. आधी कोणी हे आम्ही लिहिणार नाही. (आधी अक्काने. ल.) हिच्या हातून पेन काढून घेतलं आहे.

महिन्याच्या सुरुवातीस इन्स्पेक्टरबाई येऊन गेल्या. पुढच्या वर्षासाठी नकाशा कायम केला. फक्त म्हणाल्या, "कोलममध्ये ती जी मोकळी जागा ठेवली होती, ती फार हुशारीची. संकटकाळी पार व्हायला. ती नकाशात दाखवा." आम्ही दोघींनी माना डोलावल्या, जणू लंडनला बसून ठरवली होती.

आता अडचण अशी. भांडून राहिलेली जागा आपोआप राहते. ठरवून ठेवायची म्हणजे किती रुंद, कापी क्लबाच्या अलीकडे की पलीकडे, कोणाच्या अर्ध्यातून किती, हे सगळं बोलावं लागतं. तेव्हा लक्ष्मी आता दर शुक्रवारी येते. आज तिसरा शुक्रवार. अजून ठरलेलं नाही. मी म्हणते अलीकडे, ती म्हणते पलीकडे.

घाई नाही. कल्याणाला अजून जवळजवळ अकरा महिने आहेत. तू मध्ये पडून लवकर ठरवून देऊ नकोस.

गोमती
श्रीलक्ष्मी